चुकलेलं नाहीये, ते तसंच आहे!

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग खास व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट असं काहीतरी शिकणाऱ्या आणि ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांसाठी. ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम नव्हे हं, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा वाद्यवृंद.

तालमीत मोझार्ट आला की सगळे खूश. पण आजच्या काळातल्या संगीतकाराची रचना स्टँडवर आली की मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते: "हे छापताना चुकलंय का?" सूर एकमेकांना घासतात, ताल मध्येच बदलतो, गुणगुणावी अशी चाल सापडत नाही. मग मुलं नुसते आकडे मोजत वाजवतात आणि कार्यक्रम संपायची वाट बघतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: हे संगीत आधी समजायचं आणि मग आवडायचं, असं नसतं. ते वाजवता वाजवता आवडतं. दोन उदाहरणं देतो.

पहिलं, स्टीव्ह राईश या अमेरिकन संगीतकाराचं 'क्लॅपिंग म्युझिक', 1972 सालचं. वाद्य एकही नाही, फक्त दोघांच्या टाळ्या. तीन टाळ्या, एक जागा रिकामी. दोन टाळ्या, एक रिकामी. एक टाळी, एक रिकामी. दोन टाळ्या, एक रिकामी. झाल्या बारा मात्रा, आपल्या एकतालाइतक्या! पहिला माणूस शेवटपर्यंत हेच वाजवतो. दुसरा काही आवर्तनं झाली की एक मात्रा पुढे सरकतो. मग पुन्हा एक. बाराव्यांदा सरकला की दोघं परत एकत्र येतात. कागदावर किती सोपं! करून बघा, दुसऱ्याच मिनिटाला घाम फुटतो. आणि दोघं परत जुळतात ना, तो आनंद समेवर येण्याचाच असतो.

दुसरं उदाहरण, टेरी रायलीचं 'इन सी', 1964 सालचं. एका पानावर 53 छोटे तुकडे. वादक किती, वाद्यं कुठली, काही ठरलेलं नाही. क्रम सगळ्यांना तोच, पण प्रत्येक तुकडा किती वेळा वाजवायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. फक्त फार पुढे पळायचं नाही, फार मागे राहायचं नाही आणि इतरांचं ऐकण्यासाठी अधूनमधून थांबायचं. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे लगेच भिडलं. नियम मोजकेच, वरून हुकूम देणारं कुणी नाही आणि तरी अख्खी सिस्टीम चालते. ती चालते सगळ्यांच्या कानांवर. इथे शेवटच्या खुर्चीवरचा वादकही पहिल्या खुर्चीइतकाच महत्त्वाचा.

आणि एक गंमत. हाच रायली पुढे 1970 पासून पंडित प्राणनाथ यांच्याकडे गाणं शिकला. घराणं किराणा, म्हणजे आपल्या भीमसेनजींचंच!

आता मुद्द्याचं. आपल्याकडे बरीच मुलं ग्रेडच्या परीक्षांसाठी वाजवतात. आठवी ग्रेड झाली, सर्टिफिकेट आलं की व्हायोलिन कपाटावर. कारण वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारलेला असतो: रेकॉर्डिंगसारखं वाजलं का? नव्या रचनेत बऱ्याचदा तसं रेकॉर्डिंगच नसतं. ती कशी वाजावी, हे ठरवण्यात तुमचाही हात असतो. झाकीर हुसेन यांनी तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं 'पेशकार' 2015 मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने मुंबईत पहिल्यांदा वाजवलं. त्या वादकांचा विचार करा. नक्कल करायला आधीचं काही नव्हतंच. संगीतकार मात्र समोर होता!

सगळं नवं चांगलंच असतं, असं मी म्हणत नाहीये. काही रचना खरंच कंटाळवाण्या असतात. पण 1826 मध्ये बीथोव्हनची 'ग्रोस फ्यूग' लोकांच्या डोक्यावरून गेली होती. प्रकाशकाच्या सांगण्यावरून त्याने तिच्या जागी दुसरा शेवट लिहून दिला. आज तीच रचना थोर मानतात. तेव्हा निकाल द्यायची घाई नको. निदान तीन तालमी तरी द्या. पहिल्या तालमीत आपला भाग बघा, दुसरीत शेजारच्याचा ऐका, तिसरीत दोन्ही कुठे भेटतात ते शोधा.

आणि आज रात्री एक काम करा. भावाला, बहिणीला नाहीतर रूममेटला समोर बसवा आणि त्या बारा मात्रा टाळ्यांवर सुरू करा. शेजारी ओरडले तर त्यांनाही बोलवा!

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, वाजवत राहा.