खो मिळण्याआधी



मी टेक्सासला कॉलेजच्या रोडिओ संघात होते म्हटल्यावर सकाळपासून सगळे विचारताहेत, "म्हणजे बैलावर बसायचीस?" नाही हो! माझा प्रकार ब्रेकअवे रोपिंग. घोडा दौडवत पळत्या वासराच्या गळ्यात फास टाकायचा. दोराचं दुसरं टोक खोगिराला बारीक सुतळीनं बांधलेलं असतं. ती तुटली की वेळ थांबते. तरबेज मुली हे दोन-तीन सेकंदांत उरकतात. मी वर्षभर पहाटे तबेला झाडला आणि प्लास्टिकच्या वासरावर फास टाकला.

पहिल्या स्पर्धेत फास अचूक पडला. पण वासराला नियमानं द्यायची आघाडी मिळण्याआधीच मी घोडा सोडला होता. अडसराची दोरी तुटली, 10 सेकंदांचा दंड बसला. मान खाली घालून परतताना आपल्या मैदानावरचा आवाज कानात घुमला, "खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही!"

सर, त्यासाठी मी तुमचा किती ओरडा खाल्ला होता! पुढच्या स्पर्धेत मी थांबले. फास हुकला, वेळ लागलीच नाही. पण दोरी शाबूत राहिली. एवढंच तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.