अल ऐनची सहल : साडेचार हजार वर्षं मागे
(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहलीबद्दल ‘दोन शब्द’ बोला, असं मला सांगण्यात आलंय. दोन शब्दांत आटोपणारा मराठी वक्ता अजून जन्माला यायचाय, तेव्हा सांभाळून घ्या!

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ग्रीस पाहिलंय. मीही अथेन्सला गाईडच्या छत्रीमागे धावत, घाम पुसत, प्रत्येक खांबासमोर फोटो काढून घेतलेत. पण अबुधाबीत इतकी वर्षं राहून दीड तासावरच्या अल ऐनला गेलो, तो जबल हफीतच्या घाटात गाडी चालवायला आणि मुलांना जिराफ दाखवायला. ‘इथे काय आहे जुनं? सगळं कालपरवाचं!’ असं मी पाहुण्यांना ठणकावून सांगत असे. ते वाक्य आज जाहीरपणे मागे घेतो.

बस नेहमीप्रमाणे उशिरा निघाली. अंताक्षरी झाली, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चिवड्याचे डबे फिरले आणि आपण हिलीच्या बागेत उतरलो. तिथलं ते मोठं गोल थडगं आठवतंय ना? सुमारे बारा मीटर व्यासाचं, घडवलेल्या दगडांचं. दारावर माणसं आणि ऑरिक्स हरणं कोरलेली. पार्थेनॉनपेक्षा दीड हजारांहून अधिक वर्षांनी जुनं! या काळाला उम्म अन नार हे नाव मिळालं, ते आपल्या अबुधाबीजवळच्या बेटावरून. तिथे १९५९ साली डॅनिश संशोधकांनी उत्खनन सुरू केलं. त्या बेटाजवळून आपण कितीदा गेलो असू, हिशोब नाही.

या थडग्यांत एकेकटा राजा पुरलेला नसे. पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं एकत्र ठेवलेली असत. हिलीच्याच एका थडग्यात ६०० हून अधिक जणांचे अवशेष मिळाले. हे ऐकल्यावर आपली बच्चेकंपनीसुद्धा गप्प झाली होती.

मग म्युझियम. १९७१ साली, देश स्थापन होण्याच्या महिनाभर आधी उघडलेलं आणि नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये पुन्हा खुलं झालेलं. तिथल्या जुन्या वस्तूंसमोर मी मुलांना मण्यांची गोष्ट सांगितली. उम्म अन नार काळातल्या थडग्यांत लालसर अकीकाचे मणी सापडतात. काहींवर पांढरी नक्षी असते, आणि ती कारागिरी सिंधू संस्कृतीची. तिकडची मातीची भांडीही इथे मिळाली आहेत. इथल्या डोंगरांतलं तांबं बाहेर जाई. मेसोपोटेमियाच्या लेखांत या भागाला मगान आणि सिंधूच्या प्रदेशाला बहुधा मेलुहा म्हटलंय.

आता कुणी ‘म्हणजे पहिले गल्फवाले आपणच!’ असं म्हणेल. थांबा. ते लोक मराठी नव्हते. मराठी भाषा तेव्हा जन्मायचीच होती. आणि मणी सापडला म्हणून तो घडवणारा इथे राहिलाच, असंही नाही. पण मणी काही स्वतः चालत येत नाही! कुणीतरी तो होडीत घातला, कुणीतरी किनाऱ्यावर उतरवून घेतला. तसंच पुढे पंचगंगेकाठी, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत, ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, कांस्यमूर्ती सापडली. ती आज तिथल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. समुद्र अडवतो तसा जोडतोही.

संध्याकाळी खजुराच्या बनात फलजचं पाणी पाहिलं. दूरचं पाणी केवळ उतारावर वाहवत आणायचं, पंप नाही की काही नाही. हिलीला असा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा फलज सापडलाय. मला मलिक अंबरच्या वेळची औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, नहर आठवली. २०११ मध्ये युनेस्कोने अल ऐनला जागतिक वारसा म्हटलं, ते उगाच नाही.

परतताना बसमध्ये आठवीतली एक मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. जन्म इथला, पासपोर्ट भारताचा. म्हणाली, “काका, शाळेत ‘तू कुठली?’ विचारलं की मला उत्तरच येत नाही. इथली म्हटलं तर व्हिसा आहे, पुण्याची म्हटलं तर तिथे सगळे पाहुणी म्हणतात.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण दोन्हीकडे असणारी मी पहिली नाहीये ना?”

मी ‘नाही गं’ एवढंच म्हणालो. खरं सांगतो, तिच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. व्हिसाचं गणित एका मण्याने सुटत नाही. पण आपण ही जागा ‘तात्पुरती’ म्हणून कधी नीट पाहिलीच नाही, आणि तोच परकेपणा मुलांच्या हाती दिला, हे मला त्या दिवशी लागलं.

म्हणून एकच विनंती. ग्रीसला जरूर जा. पण त्याआधी एका शनिवारी-रविवारी मुलांना हिलीला न्या. आणि आमच्यासारखे जे आता सामान बांधायला लागलेत, त्यांनी तर कायमचं जाण्यापूर्वी जाऊन याच. जिथे उमेदीची वर्षं घालवली, ती जागा न बघता निघणं बरं नव्हे.

दिवाळीच्या सर्वांना शुभेच्छा.