कीव की साधन?
आंधळा गवई भेटला की आपण हळहळतो, टाळ्या वाजवतो. त्याच्या पोटापाण्याचा विचार मात्र आपल्याला शिवत नाही. लुई ब्रेल हा घोड्यांचे साज शिवणाऱ्या बापाच्या दुकानात डोळ्याला आरी लागून बालपणीच अंध झाला. पुढे पॅरिसच्या अंधशाळेत तो शिक्षक झाला आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला. १८२९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ठिपक्यांच्या लिपीत संगीतलेखनही होते. वाचताना हात गुंते, म्हणून रचना तुकड्यातुकड्याने पाठ करावी लागे. पण दुसऱ्याच्या डोळ्यांवाचून अडत नसे. १८५२ मध्ये तो वारला. शाळेने ती लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये. कीव आपण तत्काळ देतो, साधन मात्र माणूस गेल्यावर! हा हिशेब आपणच बदलला पाहिजे.