धातूंचा शोध : संकेत म्हणजे खाण नव्हे



अंधेरी पश्चिमेतील गिल्बर्ट हिलचा काळा, उभ्या खांबांचा खडक मुंबई उपनगरातील पुष्कळांच्या परिचयाचा आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन आकसला आणि हे खांब तयार झाले. कांदिवलीच्या दगडखाणींत अशाच खडकाच्या पोकळ्यांतून स्फटिक मिळाले आहेत. मग या खडकात सोने किंवा तांबे का मिळू नये?

धातू येथेही आहे. परंतु तो विखुरलेला आहे. एक टन काळ्या पाषाणात तांबे जेमतेम शे-दोनशे ग्रॅम असते. गोंदियालगतच्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मलांजखंड येथे मात्र ते टनामागे सुमारे दहा किलो आढळते. निसर्गाने धातू एके ठिकाणी साठवला आणि तो काढणे परवडले, तरच त्या खडकाला धातुक म्हणतात.

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग लाव्हाच्या थरांनी झाकलेला आहे. पूर्व विदर्भात मात्र त्याहून कितीतरी प्राचीन खडक उघडे पडले आहेत. नागपूर जिल्ह्यात कोलारी परिसरात जस्ताचे व परसोडी परिसरात सोन्याचे, तर चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे तांब्याचे अस्तित्व भूवैज्ञानिकांनी नोंदविले आहे. १८५१ साली स्थापन झालेले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आणि १९७२ साली नागपुरात स्थापन झालेले केंद्र सरकारचे खनिज समन्वेषण महामंडळ यांचा या कार्यात मोठा वाटा आहे.

या शोधाला ठराविक क्रम आहे. प्रथम नकाशे तयार होतात. नंतर ओढ्यांतील गाळ व माती यांचे नमुने तपासले जातात. संशयित जागी चर खणतात आणि अखेरीस वेधनयंत्राने खोलवरचा खडक दंडगोलाच्या रूपाने वर काढतात. तो दंडगोल उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेकडे जातो व अर्धा जतन केला जातो. प्रत्येक पायरीवर क्षेत्र आकुंचित होते, खर्च मात्र वाढतो. बहुतेक जागा मध्येच सोडून द्याव्या लागतात.

२०२३ च्या कायदादुरुस्तीने सोने, चांदी, तांबे, जस्त आदी खनिजांसाठी लिलावाने समन्वेषण परवाना देण्याची सोय केली. एका परवान्याचे क्षेत्र १,००० चौरस किलोमीटरपर्यंत, म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या दुपटीहून अधिक असू शकते. तथापि तीन वर्षांनंतर त्यातील जास्तीत जास्त चतुर्थांश क्षेत्रच राखता येते.

शिवारात वेधनयंत्र उभे राहिले की दोन वावड्या उठतात. एक, गावात सोने सापडले. दुसरी, आता गाव उठणार. पहिलीच्या नादाने शेतकरी दलालाला कवडीमोलाने जमीन विकतो. दुसरीच्या भीतीने साधी पाहणीही अडविली जाते. दोहोंचे मूळ अज्ञानात आहे. समन्वेषण म्हणजे खाणपट्टा नव्हे. खाणपट्ट्याची प्रक्रिया स्वतंत्र आहे आणि मोठ्या खाणीच्या पर्यावरण मंजुरीपूर्वी जनसुनावणीची तरतूद आहे.

म्हणून ग्रामपंचायतीने प्रारंभीच काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : काम कोणत्या संस्थेचे, परवानगी कोणाची, क्षेत्र व मुदत किती, पिकाच्या नुकसानीची भरपाई कशी व केव्हा, काम संपल्यावर वेधनछिद्रे बुजविणार कोण? ही उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवावीत. शिक्षकांनी शिवारातील खडकांची ओळख मुलांना करून द्यावी.

कर्नाटकातील कोलारची सोन्याची खाण शतकाहून अधिक काळ चालली. पुढे उत्पादन परवडेनासे होऊन ती २००१ साली बंद झाली आणि तिच्यावर विसंबलेल्या वस्तीपुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. खाण आज ना उद्या संपते. जमीन, पाणी आणि गाव मागे उरतात. शोधाचे स्वागत जरूर व्हावे, परंतु ते डोळसपणे व्हावे, यातच गावाचे आणि राज्याचे हित आहे.