विद्यापीठासाठी निधी कोणी मागावा?



हैदराबाद शहरात विद्येची मंदिरे दोन मार्गांनी उभी राहिली. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निजामाच्या राजाश्रयाने सुरू झाले; त्यासाठी कोणाला झोळी घेऊन हिंडावे लागले नाही. विवेकवर्धिनी ही मराठी भाषकांची शाळा त्यापूर्वीच लोकाश्रयावर निघाली होती. तिच्या उभारणीत पुढाकार घेणारे केशवराव कोरटकर हे व्यवसायाने वकील होते.

आज विद्यापीठांनाही लोकाश्रयाची गरज भासते. वसतिगृह, ग्रंथालय, गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या यांना केवळ सरकारी अनुदान पुरत नाही. माजी विद्यार्थी व उद्योजक यांच्याकडून निधी मिळविण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमावा लागतो. परंतु या कामाचा अनुभव असलेली माणसे आपल्याकडे थोडी. मग अन्य व्यवसायांतील माणसे घ्यावीत काय?

याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे हे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. लहानमोठ्या वर्गण्या गोळा करीत त्यांनी हिंगण्याची संस्था वाढविली आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. त्या विद्यापीठाला पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव प्रवास केला होता. शेतकऱ्याशी कसे बोलावे, त्याची अडचण कशी ओळखावी, हे त्या फिरतीने शिकविले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन झाल्यावर तीच ओळख कामी आली. ज्याच्या घरी पैसा नव्हता, तोही मूठभर धान्य देऊ लागला.

तात्पर्य, उमेदवाराचा पूर्वीचा हुद्दा पाहू नये. त्याने केलेले काम पाहावे. नकार मिळाल्यावरही त्याने संबंध टिकविले काय? दुसऱ्याचे म्हणणे तो शांतपणे ऐकतो काय? पैशापैशाचा हिशेब तो चोख देतो काय? विमा प्रतिनिधी, बँकेचा शाखाधिकारी, पत्रकार किंवा ग्रामसेवक, ज्याच्यापाशी हे गुण असतील तो या कामास योग्य होय.

मात्र गोड बोलणे म्हणजे कौशल्य नव्हे. अशा माणसाने प्रथम वर्गात, प्रयोगशाळेत व वसतिगृहात जाऊन संस्था समजून घ्यावी. देणगी एकदा मिळते, विश्वास वर्षानुवर्षे जपावा लागतो. तो गमावला तर नुकसान अखेर गरीब विद्यार्थ्याचेच होते, याचा विसर निवड करणाऱ्यांना पडू नये.