हमालाची लेव्ही आणि ‘पार्टनर’चे कल्याण

(कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



‘सामाजिक चळवळी आणि आजचे प्रश्न’ असा ऐसपैस विषय संयोजकांनी मला दिला आहे. इतक्या विस्तीर्ण विषयावर बोलू लागले की वक्ता सर्वत्र फिरून येतो आणि श्रोत्यांच्या हाती काही लागत नाही. जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला तर ही सवय फार लवकर जडते. म्हणून मी आज एकाच प्रश्नापाशी थांबणार आहे. ज्याला एक ठराविक मालक नाही, अशा श्रमिकाच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची? आणि त्याला जे मिळते ते हक्क म्हणून मिळावे की कल्याण म्हणून?

हा प्रश्न आजच घेण्याला कारण आहे. २०२५ सालच्या अखेरीस थोड्या दिवसांच्या अंतराने तीन बातम्या आल्या. २१ नोव्हेंबर रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या आणि एकोणतीस जुन्या कामगार कायद्यांची जागा त्यांनी घेतली. ८ डिसेंबर रोजी बाबा आढाव आपल्यातून गेले; तेव्हा ते पंचाण्णव वर्षांचे होते. आणि ३१ डिसेंबरला, नववर्षाच्या स्वागतासाठी घरोघर खाद्यपदार्थ मागवले जात असताना, देशातील अनेक शहरांत ते पोहोचवणाऱ्या तरुणांनी काम बंदची हाक दिली. वर्तमानपत्रांनी या बातम्या तीन वेगवेगळ्या पानांवर छापल्या. माझ्या मते ती एकच बातमी होती.

प्रथम जुन्या बाजाराकडे वळू. मी १९८१ साली एम. ए. करण्यासाठी पुण्यात आलो. वर्गात आम्ही श्रमबाजाराचे सिद्धान्त शिकत होतो आणि संध्याकाळी काही मित्रांच्या संगतीने हमालांच्या वस्तीत जात होतो. माझे काम अगदी साधे असे. मंडळाकडून आलेले हिशेबाचे कागद वाचून दाखवायचे, रकमा जुळतात की नाही ते पाहायचे आणि जुळत नसल्यास अर्ज लिहून द्यायचा. यात शौर्याचे काही नव्हते. परंतु श्रमाच्या अर्थशास्त्रातले माझे खरे शिक्षण तेथे झाले, असे मी आजही मानतो.

त्या काळी मी एका वयस्कर हमालाला विचारले होते, की तुमचा मालक नेमका कोण? कारण पुस्तकातला कामगार कारखान्यात जातो, त्याला हजेरीपट असतो, मालक असतो. हा मनुष्य सकाळी एका आडत्याच्या गाळ्यात पोती उतरवी, दुपारी दुसऱ्याच्या, तर संध्याकाळी तिसऱ्याचाच ट्रक भरी. त्याने मला समजावले, की मालक कोण हे शोधत बसाल तर दिवस मावळेल. पोते कोणाच्या गाळ्यात उतरले तेवढे पाहा. या उत्तरात एका संपूर्ण कायद्याचे सार होते, हे मला पुढे उमगले.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीचा अधिनियम. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संघर्षातून तो आला. पुण्यात आणि राज्याच्या अन्य बाजारपेठांत तो प्रत्यक्षात उतरावा यासाठी बाबा आढाव आणि हमाल पंचायतीने वर्षानुवर्षे झुंज दिली. कायद्यापूर्वी व्यापाऱ्यांचा युक्तिवाद एकच असे: हे आमचे नोकर नव्हेत, हे स्वतंत्र लोक आहेत, आज येतात, उद्या येत नाहीत. तो युक्तिवाद वरवर खराही होता. हमाल कोणा एकाचा नोकर नव्हता. परंतु अख्खा बाजार त्याच्या पाठीवर चालत होता.

कायद्याने ही कोंडी कशी फोडली ते नीट समजून घेतले पाहिजे. शासन, मालक आणि कामगार या तिघांच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमले. कामगारांच्या टोळ्या मंडळाकडे नोंदवल्या आणि व्यापारीही नोंदवले. ज्याचे पोते उतरले त्याने हमाली मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही वेगळी भरायची. मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून त्याच्या नावे भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा यांची तरतूद करायची. मालक अनेक असले तरी हिशेब एका ठिकाणी झाला. अनेक मंडळांत ही लेव्ही मजुरीच्या तीस टक्क्यांच्या पुढे आहे. म्हणजे हमालाच्या हाती शंभर रुपये पडले, तर त्याच्या उद्यासाठी आणखी तीसहून अधिक रुपये बाजाराने मोजलेले असतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, माणसाची झीज हा मालाच्या किमतीचाच भाग आहे, हे या कायद्याने मान्य करून घेतले. यंत्राचा घसारा प्रत्येक व्यापारी वहीत लिहितो. पाठीच्या कण्याचा घसारा लिहायला त्याला कायद्याने शिकवले.

आता आजच्या रस्त्यावर येऊ. पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन दुचाकीवरून धावणारा तरुण तुम्ही रोज पाहता. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, मोबाइल त्याचा, अपघातही त्याचाच. मात्र दर ठरवण्याचा अधिकार कंपनीचा. अशी ही भागीदारी! माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा ‘आयडी’ एके सकाळी बंद झाला. कोणत्या तक्रारीवरून, कोणी, किती दिवसांसाठी, याचे उत्तर द्यायला समोर माणूसच नव्हता. पूर्वीचा मुकादम कठोर असेल, पण त्याच्या दारात जाऊन भांडता तरी येत असे. आजचा मुकादम मोबाइलमध्ये बसतो आणि त्याला दार नाही.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने अशा श्रमिकांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज वर्तवला. तेव्हा हा काही मोजक्या महानगरांतील हौशी तरुणांचा प्रश्न राहिलेला नाही. ज्या घरांतून पूर्वी गिरणीत मुलगा जाई, शेती सोडून एमआयडीसीत मुलगा जाई, त्याच घरांतून आज हा मुलगा रस्त्यावर येत आहे.

सामाजिक सुरक्षा संहितेने या श्रमिकांची दखल घेतली, ही गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो. ‘गिग कामगार’ हा शब्द केंद्रीय कायद्यात प्रथमच आला. परंतु त्याची व्याख्याच अशी आहे, की तो पारंपरिक मालक-कामगार संबंधाच्या बाहेरचा आहे. ही व्याख्या स्वीकारली की किमान वेतन, कामाचे तास, ओव्हरटाइम हे सारे प्रश्न दाराबाहेर राहतात. उरते ते कल्याण. त्यासाठी कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची आहे. मात्र ही रक्कम कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही, अशी मर्यादाही संहितेतच घातलेली आहे.

हा आकडा माथाडी लेव्हीशेजारी ठेवून पाहा. शंभर रुपये मजुरीमागे तेथे तीसहून अधिक, येथे फार तर पाच. माथाडीच्या लेव्हीत बोनस आणि रजाही धरलेल्या असतात, तेव्हा तुलना तंतोतंत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बोनस आणि रजा या श्रमिकांच्या वाट्याला मुळी येतच नाहीत, हाच तर मुद्दा आहे!

आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे तो पैशाचा मार्ग. माथाडी पद्धतीत लेव्ही मजुरीला चिकटलेली असते. अमक्या टोळीने अमक्या दिवशी अमके पोते उतरवले, म्हणून अमकी रक्कम जमा. ती त्या कामगाराच्या खात्याची असते आणि तो तिचा हिशेब मागू शकतो. उलाढालीवरील अंशदान मात्र एका सामायिक निधीत जाते. निधीतून योजना निघते, योजनेला निकष लागतात आणि निकषांत बसेल तो लाभार्थी ठरतो. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली असाच उपकर बसवला गेला. बांधकामाच्या खर्चावर तो वसूल होतो. कोट्यवधी रुपये जमले. पण मोठा निधी वर्षानुवर्षे खर्चाविना पडून राहिला, आणि ज्याच्या घामावर तो जमला त्या मजुराचे नाव अनेकदा नोंदवहीतसुद्धा नव्हते. महाराष्ट्रात २००८ साली घरकामगारांसाठीही कल्याण मंडळाचा कायदा झाला. तेथे मजुरीवर मालकांची अनिवार्य लेव्ही बसवली गेली नाही, त्यामुळे मंडळ शासनाच्या मर्जीवर राहिले. असे दोन अनुभव गाठीशी असताना नव्या श्रमिकांना आपण पुन्हा त्याच वाटेने का न्यायचे?

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की या तरुणांना स्वातंत्र्य हवे असते. वाटेल तेव्हा काम करावे, वाटेल तेव्हा सोडावे. मान्य. हमालही एकाच दिवशी चार गाळ्यांत काम करीत होता. त्याचे ते स्वातंत्र्य माथाडी कायद्याने हिरावून घेतले नाही. त्या स्वातंत्र्याची किंमत त्याने एकट्याने मोजावी, ही सक्ती तेवढी काढून घेतली.

दुसरा आक्षेप किमतीचा. समजा, एका फेरीमागे त्या तरुणाला चाळीस रुपये मिळतात. तीस टक्के लेव्ही म्हणजे बारा रुपये. बारा रुपयांनी ज्याचे जेवण महाग होईल त्याने ते जिना उतरून स्वतः आणावे, असे मी म्हणणार नाही. पण बारा रुपये वाचावेत म्हणून एका माणसाचे म्हातारपण उघडे पडणार असेल, तर ते जेवण स्वस्त नव्हते. त्याचे बिल दुसऱ्या घरी गेले, एवढेच.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. माथाडीच्या नावावर काही ठिकाणी खंडणी चालते, काम न करता पैसे उकळले जातात, असे उद्योजक म्हणतात. अशा घटना घडतात आणि त्यांचा निषेध आपण सर्वांआधी केला पाहिजे, कारण त्यात पहिला बळी खऱ्या कष्टकऱ्याचा जातो. परंतु खोट्या नाण्याच्या भीतीने कोणी टांकसाळ बंद करीत नाही. मंडळांवर वेळेवर प्रतिनिधी नेमणे, नोंदी तपासणे, बनावट टोळ्या बाद करणे, हे शासनाचे काम आहे. ते करायचे नाही आणि मग कायद्यालाच दोष द्यायचा, ही रीत आपण ओळखली पाहिजे.

अन्य राज्यांनी काही पावले टाकली आहेत. राजस्थानने २०२३ साली या श्रमिकांसाठी देशातला पहिला कायदा केला. कर्नाटकने २०२५ साली केलेल्या कायद्यात प्रत्येक व्यवहारातील मोबदल्यावर एक ते पाच टक्के कल्याण शुल्क ठेवले आणि कामावरून दूर करण्यापूर्वी चौदा दिवसांची सूचना देण्याचे बंधन घातले. शुल्क व्यवहाराशी जोडणे ही माथाडी विचाराकडे जाणारी दिशा आहे. हा विचार ज्या महाराष्ट्रात जन्मला, त्याने या बाबतीत मागे राहावे याचे मला नवल वाटते आणि खेदही.

आता चळवळीविषयी थोडेसे. डॉ. लोहिया फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही तीन साधने सांगत. आपल्यापैकी अनेकांना तुरुंगाचे आकर्षण अधिक, मतपेटीचे नाइलाजाने, आणि फावड्याचा मात्र विसर. बाबा आढावांच्या कामात मला सर्वांत मोलाची वाटली ती त्यांची फावड्याची बाजू. मोर्चा निघे, सत्याग्रह होई. पण दुसऱ्या दिवशी नोंदवही उघडलेली असे. महागाईत हमालांना परवडेल अशा जेवणासाठी ‘कष्टाची भाकर’ उभी राहिली आणि ती टिकली, कारण तिचा जमाखर्च रोज लिहिला जाई. घोषणा विरून जातात, वही टिकते.

जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांच्या हस्तक्षेपानंतर ‘दहा मिनिटांत घरपोच’ ही जाहिरात मागे घेण्याची सुरुवात झाली. डिसेंबरमधील आंदोलनाचे ते यश आहे, त्याला मी कमी लेखत नाही. परंतु जाहिरात गेली म्हणजे घाई गेली असे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, ती मालकांनी पाटी बदलल्यामुळे टिकली नाही; कामगारांची संघटना मागे होती आणि पुढे कायद्याचे बळ आले, म्हणून टिकली.

तेव्हा या शिबिरातून उठताना तीन कामे घेऊन जा, अशी माझी विनंती आहे. आपापल्या शहरातील या श्रमिकांची नोंदवही तयार करा. नाव, किती तास काम, किती फेऱ्या, हाती किती पैसे, पेट्रोलला किती, अपघात किती. दुसरे, मजुरीशी जोडलेली लेव्ही आणि त्रिपक्षीय मंडळ ही मागणी घेऊन आपल्या आमदारांकडे जा. सामायिक कल्याणनिधीच्या आश्वासनावर परतू नका. तिसरे, जुन्या हमालांना आणि या नव्या मुलांना एका सतरंजीवर बसवा. एकाच्या पाठीवर पोते होते, दुसऱ्याच्या पाठीवर पिशवी आहे. परंतु ओझे मोजून कसे घ्यायचे, हे त्यातल्या पहिल्याला ठाऊक आहे, आणि दुसऱ्याला ते लवकर शिकणे भाग आहे.

हे काम वर्षा-दोन वर्षांत होणारे नाही. माथाडी कायदाही तसा झाला नव्हता. पण त्याची सुरुवात कोऱ्या वहीच्या पहिल्या पानापासूनच होते, आणि ते पान लिहायला कोणाच्या परवानगीची गरज लागत नाही.