डिसेंबरची मुलं



बॉक्सिंगची निवड चाचणी असते त्या सकाळी वजनकाट्यापाशी थोडा वेळ उभं राहून पाहा. अशाच एका चाचणीत दोन मुलगे एकामागून एक काट्यावर चढले. दोघांचं वजन ४८ किलोच्या आत, जन्मसालही एकच. पण एकाला मिसरूड फुटलेलं, खांदे भरलेले. दुसऱ्याचं मनगट इतकं बारीक, की हाताला बांधायच्या पट्टीचे दोन वेढे जास्तच बसले. दाखले पाहिले. पहिला जानेवारीतला, दुसरा डिसेंबरातला. लढत एकतर्फी झाली. धाकटा पट्टी सोडत कोपऱ्यात बसून राहिला. त्याच्या पायांची चपळाई कुणी टिपून घेतली नाही.

बॉक्सिंगमध्ये वयोगट जन्मसालावरून ठरतो. ज्युनियर म्हणजे १५-१६, युथ म्हणजे १७-१८, आणि १९ पासून एलिट. गट दोन वर्षांचा, त्यामुळे एकाच गटातल्या दोन मुलांत जवळपास चोवीस महिन्यांचंही अंतर पडू शकतं. तिशीत ते कुणाला जाणवणार नाही. पंधराव्या वर्षी मात्र एवढ्या काळात आवाज फुटतो, हाडं रुंदावतात, ठोशात वजन येतं.

कॅनडातल्या आइस हॉकीत १९८०च्या दशकात संशोधक रॉजर बार्न्सली यांनी हेच दाखवून दिलं. वरच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं फार जास्त होती. थोराड मूल आधी निवडलं जातं, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि मग ते खरोखरच पुढे जातं. बॉक्सिंगला वजनगटांचा आधार आहे. थोराड मुलगा बहुधा वरच्या गटात जातो. त्यामुळे इथे अन्याय कमी होत असावा, असं मला वाटतं. पण काटा किलो मोजतो. हाताचा पल्ला, हाडांची वाढ, रिंगमध्ये काढलेले महिने त्याला कळत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक गुंता. कित्येकांच्या दाखल्यावर १ जून हीच तारीख असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. तिथे खरा महिना आईलाच ठाऊक.

आता भारताला बॉक्सिंगमध्ये ऑलिंपिक पदकं मिळवून देणारे तिघे पाहा. विजेंदर सिंग, २९ ऑक्टोबर १९८५. मेरी कोम, अधिकृत नोंदीप्रमाणे २४ नोव्हेंबर १९८२. लवलिना बोर्गोहाइन, २ ऑक्टोबर १९९७. तिघेही वर्षअखेरचे! २०१९च्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवणारा अमित पंघालही १६ ऑक्टोबरचा. एवढ्यावरून नियम बांधता येत नाही. मोहम्मद अली १७ जानेवारीचेच होते. पण वर्षअखेरचं मूल टिकलं, तर कुठवर जातं, हे या नावांवरून दिसतं. टिकणं मात्र आपल्या हातात आहे. पंधराव्या वर्षी हरून घरी गेलेला मुलगा सहसा परत येत नाही.

म्हणून प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. निवड यादीत नावापुढे वजन लिहिता, तसा जन्ममहिनाही लिहा. आणि नोव्हेंबर-डिसेंबरचं जे मूल यंदा हरलं, त्याला घरी पाठवण्याआधी पुढच्या चाचणीची तारीख सांगा.